विंडोज सुरू होत नाही, दुरुस्तीवाले म्हणतात फॉरमॅट करा. डेटा वाचेल का?

अक्षरजुळणी
नमस्कार मंडळी. विट्याला आमचं छोटं डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स अशी कामं असतात. काल संध्याकाळी विंडोजचं अपडेट चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे मशीन तिथल्या तिथे बंद पडलं. लाइट आल्यावर चालू केलं तर मदरबोर्डचा लोगो येतो आणि मग निळा पडदा. वर 'रिकव्हरी' लिहिलंय, खाली पीसी दुरुस्त करायला हवा अशी इंग्रजी ओळ आणि कोड ०एक्ससी००००००एफ. एंटर मारलं की परत तेच.

इथले दुरुस्तीवाले येऊन बघून गेले. म्हणाले, सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकू, डी ड्राइव्हला काही होणार नाही. पण आमचं चालू काम सगळं डेस्कटॉपवर, म्हणजे सी मध्येच आहे. त्यात एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची पेजमेकरची पानं आहेत, प्रूफं तपासून झालेली. लग्नसराईच्या पत्रिकांच्या कोरलच्या फाइली आहेत. ते उद्या दुपारी परत येणार आहेत. काय करू?

मशीन असेंबल केलेलं, आय३ दहावी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबीचा साटा एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११.

तारायंत्र
ताई, त्यांना उद्या यायला नको म्हणून कळवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी तुमच्या फाइली जागेवर असण्याची शक्यता खूप जास्त आहे. फॉरमॅट केलं तर मात्र एसएसडीवरून त्या परत मिळतीलच असं कुणीही सांगू शकणार नाही. एसएसडीला फॉरमॅटच्या वेळी 'ट्रिम'ची, म्हणजे त्या जागा आता रिकाम्या धरा अशी, सूचना जाते, आणि मग रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला नुसती शून्यं वाचायला मिळतात.

दोन गोष्टी बघून सांगा. त्या निळ्या पडद्यावर 'फाइल' अशी एक ओळ असेल. तिच्यात \ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\बीसीडी असा लांब पत्ता आहे, की नुसतं \बूट\बीसीडी? आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) गेल्यावर एसएसडीचं नाव दिसतं का?

तोवर 'ऑटोमॅटिक रिपेअर', 'रीसेट' असं काही दिसलं तरी दाबू नका.

अक्षरजुळणी
लांबवाला पत्ता आहे. बायोसमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्हींची नावं दिसतात. तारीख-वेळही बरोबर आहे.

कोकणकडा
चिपळूणला माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, म्हणून हार्डवेअरच्या बाजूने थोडं लिहितो. लोगो येतोय, डिस्क दिसतेय, तारीख बरोबर आहे, म्हणजे रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि सीमॉस बॅटरी (मदरबोर्डवरची छोटी बॅटरी) यांच्यावर संशय घ्यायचं कारण नाही. ताईंनी कॅबिनेट उघडू नये.

इतर कुणी हा धागा वाचत असेल त्यांच्यासाठी सांगतो. पंखा फिरतोय पण पडद्यावर काहीच नाही, किंवा बीप वाजतायत, तर ती तक्रार विंडोजची नसतेच. विंडोज अजून चित्रातच आलेलं नसतं. आमच्याकडे पावसाळ्यात अशा निम्म्या मशीनना रॅम काढून साफ करून परत बसवली की पुरतं. हवेतल्या ओलाव्याने त्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. खोडरबराने पुसायची पद्धत सगळीकडे आहे, पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरा. आधी प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग रॅमला हात घाला.

दुसरी नेहमीची केस त्या सीमॉसच्या सीआर२०३२ बॅटरीची. ती संपली की रोज सकाळी तारीख मागे जाते आणि बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात. कधी बूटची नवी यूईएफआय पद्धत बदलून जुनी लेगसी होते, कधी साटाचा (डिस्क जोडणीचा) मोड बदलतो, आणि काल चालणारं विंडोज आज 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणतं. लोक विंडोज नव्याने टाकून घेतात, आठवड्याने परत तेच. एका नाण्याएवढ्या बॅटरीचं काम असतं ते.

तारायंत्र
कोकणकडा यांनी लिहिलं ते फार महत्त्वाचं. मशीन कुठल्या पायरीवर अडलंय हे ठरवल्याशिवाय उपायाला हात घालू नये. बटण दाबल्यावर आधी मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो. मग यूईएफआय डिस्कवरचं एक छोटं, बहुधा १०० एमबीचं, फॅट३२ (फाइली मांडण्याची जुनी पद्धत) पार्टिशन उघडतो. त्यात विंडोज बूट मॅनेजर असतो. तो बीसीडी नावाची फाइल वाचतो, तिच्यात विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ते लिहिलेलं असतं. तिथून विनलोड (विंडोज चढवणारी फाइल), मग कर्नल (विंडोजचा गाभा), मग ड्रायव्हर, मग आपला लॉगिनचा पडदा.

ताईंचं मशीन बीसीडी वाचताना अडतंय. म्हणजे घर शाबूत आहे, पत्त्याची चिठ्ठी तेवढी फाटली आहे. सी ड्राइव्ह एनटीएफएस या नव्या पद्धतीचा असतो, तो आपल्या बदलांची नोंद ठेवतो आणि वीज गेली तरी बऱ्यापैकी सावरतो. फॅट३२ मध्ये अशी नोंदवहीच नाही. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट राहते. फाइलचा लांब पत्ता विचारला तो एवढ्यासाठी की त्यावरून यूईएफआय पद्धतीचं बूट आहे हे कळतं, आणि पुढच्या आज्ञा त्यावर ठरतात.

पण दुरुस्ती नंतर. आधी फाइली बाहेर काढू. कुणाकडे तरी दुसरा कॉम्प्युटर असेलच. त्यावर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमची आयएसओ फाइल उतरवा आणि रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. तो पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करा, बूट मेन्यूसाठी एफ११ किंवा एफ१२ (बोर्डाप्रमाणे बदलतं), आणि यादीत पेनड्राइव्हच्या नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेली ओळ निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालतं. डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' असं चिन्ह दिसेल, त्याला हात लावायचा नाही.

आत गेल्यावर 'डिस्क्स' नावाचं ॲप उघडा, एसएसडी निवडा, वरच्या तीन ठिपक्यांतून 'स्मार्ट डेटा', म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, बघा. रीॲलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले भाग) आणि पेंडिंग सेक्टर (संशयित भाग) या ओळींचे आकडे इथे लिहा. ते शून्य किंवा शून्याच्या आसपास असतील तर फाइल मॅनेजर उघडून २५६ जीबीवाल्या ड्राइव्हवर क्लिक करा. विंडोज अर्धवट बंद झाल्यामुळे तो 'फक्त वाचण्यासाठी' उघडला तर काळजी नको, आपल्याला फक्त वाचायचंच आहे.

अक्षरजुळणी
दादा, भाच्याच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह तयार झाला. मिंट सुरू झालं. रीॲलोकेटेड ०, पेंडिंगची ओळच नाही, वर 'डिस्क इज ओके' लिहिलंय. सी ड्राइव्ह उघडला आणि 'युजर्स'मध्ये आमच्या नावाच्या फोल्डरात डेस्कटॉप जसाच्या तसा आहे! स्मरणिकेचं फोल्डर डोळ्यांनी बघितलं. आता नेमकं काय काय कॉपी करू?

तारायंत्र
वा, अर्धी लढाई जिंकलात. अख्खं युजर फोल्डर घ्या, निवडत बसू नका. कंट्रोल आणि एच एकत्र दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात, त्यातलं ॲपडेटाही घ्या. टॅली वापरत असाल तर त्याचा डेटा बहुधा 'युजर्स'मधल्या 'पब्लिक' फोल्डरात असतो.

आता डीटीपीवाल्यांची खास गोष्ट, जी दुरुस्तीवाल्यांच्या हमखास लक्षात येत नाही. फाँट! तुमच्या पेजमेकरच्या फाइली युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी दिसतं त्या पद्धतीत) नसणार. जुन्या श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये मराठी अक्षर रोमन अक्षरांच्या जागेवर बसवलेलं असतं. नेमका तोच फाँट नसेल तर अख्खी स्मरणिका उघडेल खरी, पण पानभर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसेल. त्यामुळे विंडोज फोल्डरातलं 'फाँट्स' फोल्डर कॉपी करा. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'फक्त माझ्यासाठी' म्हणून टाकलेले फाँट वेगळ्या जागी जातात: ॲपडेटा, मग लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स. तेही त्यात येऊ देत. कोरलच्या 'बॅकअप ऑफ' नावाने सुरू होणाऱ्या फाइलीही राहू देत.

कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर करा. पेनड्राइव्हवर करणार असाल आणि तो फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल जाणार नाही, तेवढं बघा. आणि झाल्यावर भाच्याच्या लॅपटॉपवर त्यातल्या दोन-चार फाइली खरंच उघडून बघा. कॉपी झाली असं दिसणं आणि फाइल उघडणं यात फरक असतो.

गुरुजी_माण
मध्येच विचारतोय, माफ करा. माझा लॅपटॉप विंडोज सुरू होताना गोल गोल फिरत राहायचा. ओळखीच्या एकाने विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं तर डिस्कच्या यादीत काहीच आलं नाही. तालुक्याच्या दुकानात सांगितलं की एसएसडी गेला, नवीन घ्यावा लागेल. त्यात शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ आणि मुलांचे फोटो आहेत. लॅपटॉप इंटेल अकराव्या पिढीचा आहे. काही आशा?

कोकणकडा
गुरुजी, नवीन एसएसडीचे पैसे अजिबात देऊ नका. डिस्क पूर्ण गेलेली असती तर गोल फिरायलासुद्धा आलं नसतं, ते फिरणं डिस्कवरूनच वाचलं जातं. बायोसमध्ये एसएसडीचं नाव दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर हा बहुधा व्हीएमडीचा मामला आहे. अकराव्या पिढीपासून बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. यादी रिकामी दिसते आणि चांगल्या डिस्कला मेलेली ठरवतात.

लॅपटॉप कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर असेल. तो सोडवून, म्हणजे आत आयएनएफ फाइली दिसतील असा, पेनड्राइव्हवर ठेवा. डिस्कच्या यादीच्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' असतं, तिथून तो दाखवा. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा असा सल्ला बरेच जण देतात. नवीन विंडोज टाकायचं असेल तर ठीक, पण जुनं वाचवायचं असताना तसं केलं की ते 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळं पडतं.

निळासमुद्र
गुरुजी, त्याच्या जोडीला एक. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, चावी हातात घ्या. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करत असाल तर डिस्क बहुधा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली आहे, तुम्ही काही केलेलं नसलं तरी. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनला हे आणखी सर्रास झालंय. बायोसची सेटिंग बदलली की विंडोज ४८ आकड्यांची चावी मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, 'डिव्हाइसेस'खाली, फोनवरूनही दिसते. कागदावर उतरवून घ्या.

मी न्यू जर्सीत आयटी सपोर्टमध्ये काम करतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटमुळे जगभर विंडोज मशीनं निळी पडली. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा होता. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय तसा किरकोळ होता: सेफ मोडमध्ये जायचं, सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्समधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं आणि सी-०००००२९१ ने सुरू होणारी सिस फाइल काढून टाकायची. पण अनेक मशीनना त्याआधी ती ४८ आकड्यांची चावी लागत होती, मशीनगणिक वेगळी. ज्यांनी चाव्या नीट नोंदवून ठेवल्या होत्या त्यांचं काम भराभर उरकलं. बाकीच्यांचे हाल बघवत नव्हते. उपाय माहीत असून हात बांधलेले.

रानपाखरू
अक्षरजुळणी ताई, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? विंडोजचा पेनड्राइव्ह लावून कमांड प्रॉम्प्टमध्ये बूटरेकच्या आज्ञा चालवा. फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी. दहा मिनिटांचं काम.

तारायंत्र
रानपाखरू, विंडोज ७ च्या काळात हेच करायचो आणि चालायचं. यूईएफआयवर फिक्सएमबीआरचा उपयोग नाही, कारण बूट त्या मार्गाने होतच नाही. आणि फिक्सबूटला विंडोज १० पासून बहुतेक वेळा 'ॲक्सेस इज डिनाइड' असं उत्तर येतं. मग लोक त्या उत्तराचा पाठलाग करत रात्र घालवतात. यूईएफआयसाठी बीसीडीबूट ही आज्ञा आहे, ती बूटच्या फाइली सगळ्या नव्याने मांडते. फाइली आधी बाहेर काढण्याबद्दल म्हणाल तर तो वेळ मी कधीही वाचवणार नाही. डिस्कपार्टमध्ये एक आकडा चुकला की दुसरंच पार्टिशन हातात येतं.

अक्षरजुळणी
कॉपी झाली. फाँट्ससकट. भाच्याच्या लॅपटॉपवर पेजमेकर नाही, पण कोरलच्या फाइली उघडल्या, फाँट टाकल्यावर मराठी नीट दिसलं. पेजमेकरची फाइल शेजारच्या प्रेसवाल्यांकडे उघडून बघितली, सगळी पानं आहेत. डोक्यावरचं ओझं उतरलं. आता दुरुस्ती सांगा.

तारायंत्र
उत्तम. आता विंडोज ११ चा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा आणि पुन्हा 'यूईएफआय' लिहिलेल्या ओळीवरून बूट करा. भाषेचा पडदा आला की शिफ्ट आणि एफ१०. काळी खिडकी उघडेल. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

डिस्कपार्ट, एंटर. मग लिस्ट व्हॉल्यूम. यादीत फॅट३२ लिहिलेला १०० एमबीच्या आसपासचा व्हॉल्यूम शोधा. पेनड्राइव्हही फॅट३२ असतो, त्याचा आकार जीबीत असेल, गल्लत करू नका. याच यादीत २३०-२४० जीबीचा एनटीएफएस व्हॉल्यूम दिसेल, तो तुमचा विंडोजचा. त्याचं अक्षर इथे सी असेलच असं नाही, डी किंवा ई असू शकतं. लिहून ठेवा. मग सिलेक्ट व्हॉल्यूम आणि त्या १०० एमबीवाल्याचा क्रमांक, पुढे असाइन लेटर=एस, आणि एक्झिट.

विंडोजचं अक्षर डी आहे असं धरून चालतो. आधी डीआयआर डी:\ करून आत 'विंडोज' आणि 'युजर्स' फोल्डरं दिसतात का बघा. दिसली तर चेकडिस्क (टाइप करताना सीएचकेडीएसके) डी: /एफ. इथे /आर लावू नका, गरज नाही. डिस्क दुखावलेली असेल तर /आर तिला आणखी राबवतं. अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यूने आधी अख्ख्या डिस्कची प्रत घ्यायची असते. हार्ड डिस्क टक टक आवाज करत असेल तर तेही नाही, प्लग काढायचा आणि रिकव्हरी लॅब गाठायची. तुमची एसएसडी धडधाकट आहे.

मग मुख्य आज्ञा: बीसीडीबूट डी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' असं उत्तर यायला हवं. आलं की पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट.

अक्षरजुळणी
उत्तर तसंच आलं! (विंडोजचं अक्षर खरंच डी निघालं.) निळा पडदा गेला. पण आता 'अपडेटवर काम चालू आहे' म्हणून टक्के चढतात, मध्येच रीस्टार्ट होतं आणि पहिल्यापासून. बराच वेळ असंच चाललंय.

तारायंत्र
म्हणजे पायरी पुढे सरकली. आता अडतंय ते अर्धवट राहिलेल्या अपडेटवर. परत विंडोजच्या पेनड्राइव्हवरून काळी खिडकी उघडा आणि हे द्या: डिस्म /इमेज:डी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स. डी च्या पुढे उलटी तिरकी रेघ आणि मग मोकळी जागा, हे नीट बघा. अर्धवट कामं मागे घेण्याची नोंद यात होते. पुढचं बूट नेहमीपेक्षा सावकाश होईल, तेव्हा मशीन अजिबात बंद करू नका. शक्य असेल तर यूपीएस ऐवजी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

त्याने झालं नाही तर त्याच पेनड्राइव्हच्या दुरुस्तीच्या पर्यायांत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे, तिथून शेवटचं क्वालिटी अपडेट काढू. तेही नाही चाललं तर सी फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर विंडोज टाकता येतं, जुनं सगळं 'विंडोज.ओल्ड'मध्ये सरकतं. प्रोग्रॅम मात्र नव्याने टाकावे लागतात, म्हणून ते शेवटी.

अक्षरजुळणी
झालं सुरू! काळ्या पडद्यावर बराच वेळ गोल फिरत होतं, मग 'बदल मागे घेत आहे' आलं, आणि मग आमचा नेहमीचा डेस्कटॉप. पेजमेकर, कोरल, श्रीलिपी सगळं चालतंय. लायसन्सचं डोंगलही ओळखलं. प्रिंटही काढून बघितली. दादा, तुमचे आणि कोकणकडा यांचे किती आभार मानू! दुरुस्तीवाल्यांना मी फोन करून सांगितलं, त्यांनी आज्ञा लिहून मागितल्या आहेत.

तारायंत्र
जरूर द्या, आणि त्यांना हा धागाही दाखवा. आता विंडोज चालू असतानाच, प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ आणि मग एसएफसी /स्कॅननाऊ चालवा. अपडेट आज लावू नका. यूपीएसची बॅटरी बदला, मग लावा. स्मरणिका प्रेसला जाईपर्यंत तिची प्रत त्या बाहेरच्या डिस्कवर रोज टाकत राहा, डी ड्राइव्हवर नको. एसएमपीएसने दगा दिला तर दोन्ही डिस्क एकाच वेळी जाऊ शकतात.

गुरुजी_माण
बायोसमध्ये एसएसडीचं नाव आहे. बिटलॉकरची चावी खात्यात सापडली, वहीत उतरवली. ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेतला आणि 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवला, तर यादीत ४७६ जीबीची डिस्क आली! पण मला फाइली घ्यायच्या आहेत, आणि काळ्या खिडकीत काय टाइप करायचं ते समजत नाही.

तारायंत्र
गुरुजी, आता 'नेक्स्ट' दाबू नका. शिफ्ट-एफ१० ने काळी खिडकी उघडा. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी मॅनेज-बीडीई -अनलॉक सी: -रिकव्हरीपासवर्ड आणि पुढे ४८ आकडे, मधल्या आडव्या रेघांसकट. 'सी'च्या जागी तुमच्याकडे जे अक्षर असेल ते. मग नुसतं नोटपॅड टाइप करा. नोटपॅड उघडेल, त्यात फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्या खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात, आणि फोल्डरवर उजवं क्लिक करून कॉपी, बाहेरच्या डिस्कवर जाऊन पेस्ट, हे सगळं तिथल्या तिथे चालतं. कॉपी होताना टक्केवारी दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर थांबा. व्हिडिओ मोठे असतील तर एकेक फोल्डर घ्या.

गोल फिरण्याचं बघू. त्यासाठी वेगळा धागा काढा, मॉडेलचं नाव आणि शेवटचं अपडेट कधी झालं ते त्यात लिहा.